तांब्याच्या आईची चांदीची पोरं

लिसिया देशातल्या पातारा बंदरावर त्या सकाळी मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळं गाव थ्रासोनबुवाच्या रांजणाभोवती लोटलं होतं. बुवा होता ग्रीक, समुद्रापलीकडून आलेला. पण लिसियातल्या लोकांची नस त्याला बरोबर सापडली होती.

"तुमच्यात पोराला नाव कुणाचं लागतं?" तो गरजला.

"आईचं!"

"मग तांब्याच्या पोरांसोबत चांदीची आई टाका. पोरं आईवर जातील!"

चांदीचं एक नाणं आणि तांब्याची दहा. वर आंबट पाणी, राख, मंत्र, आणि रांजण गदागदा हलवणं. तांबं लखलखीत पांढरं होऊन निघायचं. आई मात्र निघायची नाही. "बाळंतपणात देवीच्या पायाशी गेली हो," म्हणत बुवा डोळे पुसायचा. नाणं छिन्नीनं छाटून पारखायची गावाची जुनी रीत. त्याचाही बंदोबस्त बुवानं करून ठेवला होता. "छिन्नी लावाल तर देवी कोपेल, चांदीचं तांबं करील!" म्हणजे आत तांबं निघालं तरी पाप छाटणाऱ्याच्याच माथी.

टांकसाळीत घण मारून नाणी पाडणारा एकुवे या सगळ्याला पोट धरून हसला असता. पण रांगेत त्याची आई उभी होती. मेरिमावानं जन्मभर जाळी विणून बारा चांदीची नाणी जमवली होती. जिवंतपणीच कड्यात थडगं कोरून ठेवायची तिथली रीत, आणि तिचं अर्धं कोरून झालं होतं. उरलेलं त्या बारा नाण्यांत व्हायचं होतं.

"आई, घरी चल."

"गप रे! शेजारणीच्या थडग्याला दोन खांब आहेत. मला चार हवेत, वर सिंह."

"आणि चांदी बुडाली तर?"

"मग आहेसच की तू, मेल्यावर मला उघड्यावर टाकायला!"

एकुवेनं कमरेचं नाणं मुठीत घेतलं. तो रांग मोडून पुढे घुसला. "बुवा, आधी माझं घ्या."

बुवानं त्याचं नाणं उन्हात धरलं. टांकसाळीचा ठसा बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "शुद्ध चांदी! थोर कुळातली आई!"

रांजण हलला. दहाच्या दहा पोरं पांढरी निघाली. लोक नाचायला लागले.

"बुवा, आई चांदीचीच होती ना?" एकुवेनं विचारलं.

"देवीची शपथ!"

"तांब्याची होती. चांदीचा ठसा मीच मारला आणि सोनाराकडचा पारा चोळून काल पांढरी केली. मग तांब्याच्या आईला चांदीची पोरं झाली कशी? का तुमच्यात पोरं बापावर जातात?"

हशा पिकला. "पाखंडी!" म्हणून बुवा ओरडतोय तोवर एकुवेनं एक पोर मासेवालीच्या निखाऱ्यावर धरलं. "लांब व्हा, याचा धूर वाईट." पांढरा मुलामा उडाला आणि तांबं उघडं पडलं. "बघा, छिन्नी लावलेली नाही!"

कुणीतरी रांजण उपडा केला. पाऱ्याचे गोळे वाळूत घरंगळले आणि पाठोपाठ देवाघरी गेलेल्या सगळ्या आया बाहेर पडल्या. बुवानं होडी गाठली, चपला तिथेच टाकून.

"देवीला खुशाल हात जोडा," एकुवे म्हणाला. "पण 'पारखू नका' असं कुणी म्हणालं, की आधी पारखा."

मेरिमावानं मूठ घट्ट केली. "मेल्या, हे घरी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण इथून पुढं आधी विचारीन."