विश्वासातला शब्द

दोन हजार पाच साली कल्याणी औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत स्पॅनिश भाषांतराचं काम करत होती. मेक्सिकोतल्या एका दवाखान्याचं काम आलं होतं. तपासणीला येणाऱ्या बायकांना पडद्यावर पहिलंच वाक्य दिसणार होतं, ‘तुमची तपासणी गुप्त ठेवली जाईल.’ कंपनीतल्या नव्या मुलीनं तिथं ‘गुप्त’साठी ‘क्लान्देस्तिना’ लिहिलं होतं. म्हणजे कायदा चुकवून, चोरून केलेली. कल्याणीनं ते खोडलं आणि ‘सेक्रेता’ लिहिलं, म्हणजे लपवून ठेवलेली. चूक नव्हती, पण तिचं समाधान होईना. तिचे साहेब आमोद म्हणाले की पाचला फाइल जायला हवी, तोवर काय घालायचा तो घोळ घाला.

जेवणाच्या सुट्टीत तिनं स्कूटी काढली आणि नारायण पेठेत मंदाकिनीबाईंकडे गेली. तिला कॉलेजात स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी वाक्य दोनदा वाचलं.

“डिक्शनरीत आधी भेटला म्हणून शब्दाला नोकरी देतेस का?” त्या म्हणाल्या. “ती बाई काही लपवायला आलेली नाही. सांगायला आली आहे. सांगितलेलं जपायचं आहे ते दवाखान्यानं.”

कल्याणीला कॉलेजातले दिवस आठवले. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या वडिलांना, दशरथना, टीबी झाला होता. वस्तीत कळलं तर लोक तुटतील, कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल, या धास्तीनं घरात त्या आजाराचं नावही निघत नसे. त्यांच्या औषधपाण्यात तिचे तास बुडायला लागले, तेव्हा कॉलेजच्या जिन्यात तिनं फक्त बाईंना खरं सांगितलं होतं. बाईंनी पुढे दहा महिने स्वतःच्या हातानं नोट्स लिहून दिल्या. हजेरीवरून कुणी विचारलं, तर ‘मला माहीत आहे’ एवढंच म्हणाल्या.

“कोन्फिदेन्सियाल,” कल्याणी सावकाश म्हणाली. “कोन्फियान्सा, म्हणजे विश्वास. त्याच्याच घरातला शब्द.”

बाईंनी मान हलवली.

“बाई, तुम्ही तेव्हा कुणाजवळ बोलला नाहीत. मी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत.”

“मग आता मान आणि निघ. पाचला फाइल जायची आहे ना?”

तिनं वाकून नमस्कार केला. फाइल वेळेत गेली. मेक्सिकोच्या तपासनीसांनी पुढे बरेच शब्द बदलले, पण त्या वाक्याला हात लावला नाही.

हे सगळं तिनं घरी दशरथना सांगितलं. आपल्या दुखण्याचं बाहेर कुणाला तरी ठाऊक होतं, हेच त्यांना तेव्हा कळलं. ती रागाची वाट बघत होती.

“रविवारी मला त्यांच्याकडे ने,” ते म्हणाले.

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ते बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. बाईंनी “अहो, आपण बसा आधी,” म्हणत चहा टाकला. आणि ज्या दहा महिन्यांबद्दल दशरथ कधी कुणाशी बोलले नव्हते, त्यांबद्दल ते स्वतःहून, अगदी पहिल्या खोकल्यापासून, सांगू लागले.