झटपट वाळणारी शाई

माझा पुतण्या बाळा मुंबईला फोर्टात एका कागदवाल्याकडे नोकरीला आहे. चौतीस सालच्या मे महिन्यात, पावसासाठी बोटी बंद व्हायच्या आधी, त्याने शेवटच्या बोटीने मला एक फाउंटन पेन आणि निळ्या शाईची बाटली धाडली. सोबत चिठ्ठी होती: "काका, ही शाई लिहिताक्षणी वाळते. टीपकागद नको, वाळू नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात फार उपयोगी पडेल."

मला फुकटचे सल्ले आवडत नाहीत, आणि पुतण्याकडून तर मुळीच आवडत नाहीत. मी छत्तीस वर्षं मराठी शाळेत मास्तर होतो. शेकडो पोरांच्या अक्षरांना वळण लावलं. पेन्शन घेतल्यापासून वाडीतल्या बायका माझ्या पडवीत पत्रं लिहून घ्यायला येतात. त्यांचे नवरे मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. रत्नागिरीपासून चार मैलांवरच्या आमच्या वाडीत पावसाळ्यात धड हातपाय असलेला पुरुष शोधायला कंदील घेऊन फिरावं लागतं. तेव्हा त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं.

इतकी वर्षं मी घरी केलेल्या काजळाच्या शाईने, टाकाने लिहीत आलो. त्या शाईचा एकच दोष, श्रावणात ती वाळत नाही. कार्ड लिहून झालं की माझी बायको यमुनाबाई ते चुलीवरच्या दोरीला लटकवायची. मुंबईची माणसं म्हणत, तुमच्या पत्राला घरच्या धुराचा वास येतो. कोणी कौतुकाने म्हणत, कोणी नाक मुरडून. पण त्या शाईचा एक मोठा गुणही होता. चुकलं की बोट ओलं करावं, अक्षर पुसावं, वर दुसरं लिहावं. आमच्या पिढीचे सगळेच लिहिणारे असे बोट चाटत. माझ्या तर्जनीचं टोक कायमचं काळं असे, आणि कधी कधी जिभेचंही.

बाळाची शाई पहिल्याच दिवशी मला पसंत पडली, हे मी कोणाला सांगितलं नाही. जूनच्या झडीत कार्ड लिहिलं आणि मोजून दहा आकडे म्हणेतो ते कोरडं ठणठणीत. टपालवाल्या विठूला चुलीजवळ खोळंबून बसावं लागेना. पण हळूहळू तिचे अवगुण बाहेर पडले. पातळ कागदावर ती मागच्या बाजूला उतरे. माझ्या धोतरावर एक थेंब पडला तो यमुनाबाईंनी राख, लिंबू, रिठा सगळं लावून पाहिलं तरी आजतागायत आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती कागदावर जशी वाळे तशी निबेतही वाळे. जरा हात थांबला की पेन मुकं. मग झटका, पाण्यात बुडवा, पुन्हा झटका.

आता बायकांच्या पत्रात हात थांबणार नाही तर काय होणार? एक वाक्य सांगायचं, मग पदर तोंडाला लावायचा, मग म्हशीचं आठवायचं. मी ओरडायला लागलो. "भराभर सांगा! शाई वाळते!" बिचाऱ्या घाबरून भराभर बोलू लागल्या आणि मीही विचार न करता त्यांच्या तोंडून पडेल ते भराभर लिहू लागलो. इथेच सगळं झालं.

श्रावणातल्या एका सकाळी काशी आली. रावजीची बायको, तिशीची, अंगाने काटक, बोलायला कमी. रावजी गोदीत हमाल. अडीच वर्षं झाली होती त्याला गावाहून जाऊन. दर दोन महिन्यांनी मनिऑर्डर येई, पण माणूस येत नव्हता. दोन गणपती गेले, दोन शिमगे गेले. घरचा गणपती चुलतदीर आणत होता. रावजी गेला तेव्हा काशी पोटुशी होती. ती मुलगी, चिमा, आता दोन वर्षांची झाली होती आणि बापाने तिला पाहिलीच नव्हती. मुंबईत त्याने दुसरं घर केलं असेल अशी कुजबुज पाणवठ्यावर होती. ती काशीच्या कानावर नव्हती असं म्हणणं म्हणजे वाडी ओळखत नसल्याचं लक्षण.

मी कार्ड घेतलं आणि नेहमीप्रमाणे वरचा मजकूर तिला न विचारताच लिहिला. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आम्ही सर्व खुशाल आहोत. इकडील काळजी नसावी. हे मी प्रत्येक पत्रात लिहीतच असे. ते पत्राला शोभतं. मग मी ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, "हं, सांग. भराभर."

काशी बराच वेळ कार्डाकडे पाहत राहिली. मी पेन झटकलं.

"कोन म्हनला खुशाल?" ती एकदम म्हणाली. "मी म्हनले? खुशाल न्हाय. लिवा, खुशाल न्हाय. काळजी करा. घराची करा, माजी करा. पोरीस इचारला तुजा बापूस कुठं, तर ती विठू टपालवाल्याकडं बोट दाखवते. मनिऑर्डर तोच आनतो ना! माज्या पोरीचा बापूस टपालवाला झाला. यंदा गणपतीस येवचा नसल तर तसा सांगा, मी वाट बघूची सोडत्ये."

माझा हात तिच्या शब्दांमागून धावत होता. शाई वाळू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिने तोंड मिटलं तेव्हा मी पूर्णविराम दिला आणि मग काय लिहिलं ते पाहिलं.

काशीही भानावर आली. कानापर्यंत लाल झाली. "मास्तर, नको. पुसा ता. मानूस परमुलखात, असा लिवतात काय? तुमी तुमचा चांगला लिवा. सोयीने यावे, असा."

मी बोट ओलं केलं आणि घासलं. सवयीने घासलं, कारण इतकी वर्षं माझं बोट हेच करत आलं होतं. अक्षरं जागची हलली नाहीत. पुन्हा घासलं. बोट कोरडं, स्वच्छ, आणि अक्षरं तशीच निळीशार. शेवटी मी त्या ओळींवर एकेक सरळ रेघ मारली आणि खाली उरलेल्या जागेत लिहिलं, आपल्या सोयीने यावे.

"गेला काय ता?" काशीने विचारलं.

दुसरं कार्ड घ्यायला हवं होतं. पण घरात कार्ड नव्हतं, विठू यायची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या अक्षराची अशी शोभा झालेली मला तिच्यापुढे कबूल करवेना. "गेलं," मी म्हटलं. ती निघून गेली. निरक्षर बाईशी मी आयुष्यात प्रथमच खोटं बोललो होतो, आणि तेही एका रेघेपायी.

विठू आला, त्याने कार्ड उचललं आणि उघड्या पत्रावर आपला हक्कच असल्यासारखं वाचलं. तो वाचतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाचता वाचता त्याचं हसू मावळलं.

"मास्तर, ह्या खोडलेल्या वळी मी पयल्या वाचल्या," तो म्हणाला. "खोडलेला असता ताच मानूस पयला वाचतो. बाकीचा काय, सगळ्याच कार्डात असता."

मी चपापलो. "दे ते इकडे. उद्या दुसरं लिहून देतो."

त्याने कार्ड थैलीत टाकलं आणि थैलीचं तोंड आवळलं. "थैलीत पडला की ता सरकारचा. आनि त्यात माजा नाव हाय." पायरी उतरताना तो थांबला. "ती पोर माज्याकडं बोट दाखवते ता मला ठावक नव्हता, मास्तर. मला वाटायचा, पोरीस माजी थैली आवडते."

दुपारी जेवण गोड लागलं नाही. यमुनाबाईंनी दोनदा विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "अहो, दुसऱ्यांची पत्रं इतकी वर्षं पुसलीत, आज एक पुसता आलं नाही तर एवढं काय? पण बाईशी खोटं बोललात ते आधी निस्तरा." संसारात अशा सूचना निमूटपणे ऐकायच्या असतात.

मी छत्री घेऊन काशीच्या शेतावर गेलो. ती गुडघाभर चिखलात तण बेणत होती, पाठीवर इरलं. बांधावर उभं राहून मी तिला सांगितलं. रेघेखालचं सगळं वाचता येतं, मी खोटं बोललो, पुढच्या टपालाने दुसरं कार्ड टाकतो, त्यात पहिलं मनावर घेऊ नये असं लिहितो.

ती सरळ उभी राहिली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवील आणि ते मला ऐकावे लागतील.

"वाचता येता म्हंजे सगळा?" तिने विचारलं. "काळजी करा, ता पन?"

"सगळं."

तिने हातातलं तण बांधावर टाकलं. "नको मग दुसरा. लाज वाटली म्हनून पुसा म्हनले. खोटा तर कायच न्हाय ना त्यात." आणि पुन्हा वाकली. मला म्हणाली, "घसराल, संबाळून जावा."

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. काशीची वाट पाहणं मला कळलं नाही, कारण ती कामातच असे. माझी मात्र यमुनाबाईंना पुरेशी कळली. रावजी चिडला तर? मनिऑर्डर बंद केली तर? पाणवठ्यावरची कुजबुज खरी असली आणि त्याला हे निमित्तच मिळालं तर? श्रावण सरत आला. मनिऑर्डर यायची वेळ होती, ती आली नाही. विठू पडवीसमोरून मान खाली घालून जाऊ लागला.

त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गणपती उशिरा होते आणि बोटी त्याआधी सुरू झाल्या. पहिल्या बोटीच्या दिवशी मी दाढदुखीचं निमित्त काढून बंदरावर गेलो. पडावातून माणसं उतरत होती, ट्रंका, वळकट्या, पत्र्याचे डबे, ओळखीच्या हाका. आमच्या वाडीचे सातजण उतरले. रावजी नव्हता. घरी येऊन मी पेन कपाटात टाकलं आणि टाक काढून दौतीत बुडवला. पुसता न येणाऱ्या शाईने लोकांचे संसार लिहिण्याइतका मी शहाणा नाही असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

हरताळकेच्या दिवशी सकाळी पडवीत सावली पडली. पाहतो तो रावजी. वाळला होता, केस पिकले होते. मागे पायरीखाली काशी, आणि तिच्या लुगड्याला धरून चिमा. रावजीच्या हातात गणपती आणायचा पाट होता. तो त्याने खाली ठेवला आणि खिशातून कार्ड काढलं. घडीवर घडी पडून ते मऊ झालं होतं, पण अक्षरं तशीच निळीशार.

"मनिऑर्डर केली न्हाय, तिकिटास लागले," तो म्हणाला. मग पडवीच्या कडेला टेकला. "मास्तर, खोलीतल्या मानसाकडनं वाचून घेतला. तीनदा घेतला. एक इचारू? अडीच वर्सं दर कार्डात असायचा, आमी सर्व खुशाल, इकडील काळजी नसावी. ता कोन सांगायचा? ही?"

काशी माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत इन्स्पेक्टरने असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"मीच लिहायचो," मी म्हटलं. "रीत म्हणून."

"मी खरा मानला," रावजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "पयल्या वर्सी गोनीखाली पाय सापडला. काम गेला, उधार-उसनवार करून पैसे धाडले. हात हलवत गावास कसा येव? आनि इकडं तर सगळी खुशाल. मला वाटला, माज्याबिगर चालता ह्यांचा. मग कोनासाठी येवचा?"

तेवढ्यात विठू थैली घेऊन पायरीशी आला आणि रावजीला पाहून जागीच थबकला. चिमाने त्याला पाहिलं, लुगडं सोडलं आणि सवयीप्रमाणे बोट वर केलं. "बापूस," ती म्हणाली.

यमुनाबाई दारात आल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी खुशाल रडलो, लपवलं नाही. विठू पुढे झाला, पोरीपुढे उकिडवा बसला, तिचं ते एवढंसं बोट धरून त्याने रावजीच्या दिशेने वळवलं. "अगो, मी न्हाय. तो." चिमाने रावजीकडे पाहिलं, मग आईमागे लपली. रावजी तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "असूंदे. मी हाय आता. कापनीपतुर हाय."

कापणी झाली, आणि दिवाळीनंतर तो दोघींना घेऊनच बोटीत चढला.

मी पेन कपाटातून काढलं. त्यानंतर कोणत्याही बाईच्या पत्रात मी तिने न सांगितलेला शब्द लिहिला नाही. घाईही करत नाही. तिला पदर तोंडाला लावायचा असेल तर लावू देतो, निब वाळली तर पाण्यात बुडवतो.

माघात काशीचं मुंबईहून कार्ड आलं, तिथल्या कोणा पत्रलेखकाच्या गोलाईदार अक्षरात. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आम्ही सर्व खुशाल आहोत. इकडील काळजी नसावी. ते वाचून माझं डोकंच फिरलं. कोण हा गाढव, असं मी मोठ्याने म्हणालो. मग कार्ड उजेडात धरलं. अगदी खालच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या रेघेला खेटून, बारीक अक्षरांत एक ओळ कोंबलेली होती. लिहिणाऱ्याच्या मनाविरुद्ध ती तिथे आली होती हे पाहताक्षणी कळत होतं. काशीने त्याच्याशी किती हुज्जत घातली असेल कोण जाणे.

पोर आता बरोबर बोट दाखवते, विठूस सांगा.