वर्नाबाईंना पेलेल अशी बंदूक

अस्वलाने वर्नाबाईंच्या ओसरीवरचा फ्रीजर दोनदा फोडला होता. आता पाळी दाराची होती. अलास्कातल्या आमच्या बंदुकांच्या दुकानात त्यांनी बारा बोअरची बंदूक उचलली, पण खांद्याला लावेपर्यंत हात लटपटू लागले.

"वीस बोअरची घ्या. नळी बारीक, हलकी आहे," मी म्हटलं.

"तिने अस्वल मरेल की नुसतं चिडेल?"

"बहुतेक चिडेल."

"मग विकतोस कशाला?"

"मुलीकडे शहरात जा, वर्नाबाई."

"तिचं मांजर माझ्यावर गुरगुरतं. आणि समज, अस्वल मेलं, तर इथल्या कायद्याने कातडं सोलून कवटीसकट सरकारात जमा करायचं. हे नवरा करायचा. आता कोण करणार? तू येशील?"

माझी पाठ वाकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन्ही बंदुका मी मांडणीवर परत ठेवल्या. वर्नाबाई खुर्ची ओढून बसल्या. घरी जायची त्यांना घाई नव्हती.