पिवळ्या ठिपक्यावर पाडलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुना रोव्हर आहे. जमीन मोजायच्या काठीच्या टोकावर बसवतात ते थाळीएवढं यंत्र. 'बिचारा' म्हणून माझ्या अंगावरून हात फिरवू नका. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. आभाळात उपग्रहांची चार मोठी घराणी फिरतात. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, बोलणं वेगळं. जुनी यंत्रं एकाच घराण्याचं ऐकत. मी चौघांचंही ऐकतो आणि त्यांच्या घड्याळांचा मेळ घालतो. जितके जास्त उपग्रह, आणि जितक्या वेगवेगळ्या दिशांना, तितकी जागा अचूक कळते. कारखान्याच्या गच्चीवर माझी परीक्षा घेणारी तंत्रज्ञ बाई म्हणाली होती, "एकतीस दिसतायत याला! दोन बोटंसुद्धा चुकत नाही." ते माझं पहिलं कौतुक, आणि जवळजवळ शेवटचं.

मग मी मोजणीदाराच्या तावडीत सापडलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याच्या तेव्हाच्या यंत्राला दोन घराण्यांचा मेळ जमला नव्हता. दिवसभर ते अडून बसलं आणि वरिष्ठांसमोर त्याचं हसं झालं. तेव्हापासून नवं यंत्र हाती आलं की आधी तो तीन घराणी बंद करून टाकी. "दोन घरचा पाहुणा उपाशी," तो म्हणे, "इथे तर चार घरं!" मोकळ्या माळावर एका घराण्यावरही भागतं. म्हणून नऊ वर्षं या गृहस्थाचं पितळ उघडं पडलं नाही.

त्या दिवशी काम एका अरुंद गल्लीत होतं. एका बाजूला आठ मजली काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला बहीणभावाची लागून असलेली जागा. भावाचं गोदाम, बहिणीची पावाची भट्टी. भावाला गोदामापर्यंत ट्रक आणायचा होता आणि भट्टीची भिंत आपल्या हद्दीत आहे असं त्याचं म्हणणं होतं. नकाशात हद्दीचे आकडे होते. ती जागा जमिनीवर दाखवायची एवढंच माझं काम.

मला आभाळाची एक फाक दिसत होती. एका घराण्याचे पाचच उपग्रह, तेही एकाच बाजूला गोळा झालेले. त्यात काचेवर आपटून येणारे त्यांचे खोटे आवाज. मी मोजणीदाराच्या हातातल्या पडद्यावर पिवळा ठिपका लावला. हिरवा म्हणजे खात्री, पिवळा म्हणजे अंदाज. याहून स्पष्ट मी काय बोलायचं?

पिठाचे हात पुसत बहीण जवळ आली. "भाऊसाहेब, हा ठिपका पिवळा का दिसतोय?"

"ऊन पडलंय ना ताई पडद्यावर," मोजणीदार म्हणाला. धडधडीत खोटं! आणि त्याने भट्टीच्या आत, भिंतीपासून मीटरभर अंतरावर लाल रेघ ओढली.

"दादा, पुन्हा एकदा मोजू दे," बहीण म्हणाली. "भट्टी गेली तर मी खायचं काय?"

"यंत्राला काय भाऊबहीण कळतात? रेघ म्हणजे रेघ," भाऊ म्हणाला. कामगार यायचीही त्याने वाट पाहिली नाही. स्वतः घण उचलला आणि संध्याकाळच्या आत भिंत आणि अर्धी भट्टी आडवी केली. मी जिथल्या तिथे उभा होतो. त्या भावाचा मला आजही संताप येतो.

बहिणीने मोजणीच्या कचेरीत तक्रार केली. तिथून दुसरी मोजणीदार आली, चष्मेवाली. तिने मलाच काठीवर चढवलं, सेटिंग उघडलं आणि कडाडली, "तीन सिस्टिम बंद? या गल्लीत?" तिने सगळ्या चालू केल्या. तेवीस उपग्रह बोलू लागले. काचेवरून येणारे खोटे आवाज मला आता वेगळे काढता आले आणि ठिपका हिरवा झाला. हद्द पाडलेल्या भिंतीच्या बाहेरच्या कडेवर होती. भिंत बहिणीचीच होती.

जुना मोजणीदार वरिष्ठांना म्हणाला, "यंत्रच नादुरुस्त होतं, साहेब." झालं! नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या कपाळी 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटली आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, अशा वेळी यंत्रं विनवणी करतात की आम्हाला पुसा, जपा. मला नाही पुसलंत तरी चालेल. पण मी 'खात्री नाही' म्हणतो तेव्हा माझं ऐका. आणि चौघांचं ऐकू शकणाऱ्याला एकाच्याच तोंडाला बांधून वर त्याला बहिरा म्हणू नका.

हद्द कळली त्या दिवशी भाऊ मान खाली घालून म्हणाला होता, "मी बांधून देतो भट्टी. उद्यापासून येतो."

बहीण विटा गोळा करत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"गवंडी पाठव, दादा. तू येऊ नकोस."