शेवटचा नळ

गावच्या पाण्याचा अहवाल बिनबोभाट वर गेला तर पाणीखात्याच्या साहेबांना बढती, ड्रायव्हरसकट गाडी आणि गोल फिरणारी खुर्ची मिळणार होती. अडलं होतं एका सहीवर, आणि ती सही गणितवाल्या बाईंची होती.

बाईंचं काम म्हणजे गावभरचे पाइप कॉम्प्युटरात मांडायचे आणि टाकीतून निघालेलं पाणी कुठल्या गल्लीत किती तासांनी पोचतं, तोवर त्यात क्लोरीन किती उरतं, ते काढायचं. टोकाच्या गल्लीत पाणी एकतीस तासांनी पोचत होतं. क्लोरीन शून्य. तिथल्या पोरांची पोटं महिनाभर बिघडलेली. त्यात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याचे दोन भाचेही होते.

साहेब म्हणाले, शेवटच्या नळाचं पाणी आपण दर सोमवारी तपासतो, क्लोरीन भरपूर आहे. खोटं नव्हतं ते. फक्त ऑफिसात 'शेवटचा' म्हणजे यादीतला शेवटचा, आणि यादी जोडणीच्या तारखेने लावलेली. सगळ्यात उशिरा जोडणी घेतली होती खुद्द साहेबांनी, टाकीला खेटून बांधलेल्या नव्या बंगल्यात. अख्खं गाव साहेबांच्या अंगणात पास होत होतं.

बाईंनी हे दाखवलं, तर साहेब अगदी मायेने बोलले: कॉम्प्युटरातलं पाणी कोण पितंय? सही करून मोकळ्या व्हा. नाहीतर रेकॉर्डरूमला माणूस हवाच आहे.

बाई चावीवाल्याला घेऊन टोकाच्या गल्लीत गेल्या. क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणारं औषध नळीत टाकलं. पाणी जसंच्या तसं.

"रंग कधी येणार, ताई?" चावीवाल्याच्या बहिणीने विचारलं.

"आधी साहेबांच्या तोंडाला येईल, मग पाण्याला."

दुसऱ्या दिवशी पाणीपट्टीच्या खिडकीत दोन नळ्या उभ्या होत्या, बंगल्याची पिवळीधमक, टोकाची कोरी. खाली चिठ्ठी: 'दोन्ही शेवटचेच नळ. तुमचा कुठला?' रांग हलेना. साहेबांनी नळ्या काढायला सांगितल्या.

"काढा की," बाई म्हणाल्या. "उद्या परत भरून आणते."

चार दिवस आणल्या. पाचव्या दिवशी टोकाच्या गल्लीच्या तोंडाशी क्लोरीन सोडायचं यंत्र बसलं.

अहवालावर बाईंची सही झालीच नाही. साहेबांची गाडी हुकली, खुर्ची जुनीच राहिली. चावीवाल्याला यंत्र भरायला रोजची एक चक्कर वाढली. भाचे शाळेत जाऊ लागले. बाईंची खिडकीजवळची जागा गेली. रेकॉर्डरूमला खिडकीच नाही. तिथे बसून पहिल्याच आठवड्यात त्यांनी यादी टाकीपासूनच्या तासांप्रमाणे नव्याने लावली. साहेब पहिले आले.