ललिताबाईंनी न पाहिलेला समुद्र

परतवाड्याच्या बुधाजींनी एसटीच्या नोकरीत चिखलदऱ्याचा घाट आयुष्यभर चढला-उतरला होता. त्यामुळे पनवेलला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, ज्योत्स्नाने, "रविवारी कर्नाळ्याच्या डोंगरावर जाऊ," असं म्हटलं तेव्हा ते हसलेच.

"पहाड पाहाले इतक्या दूर कावून आलो आमी? तो तं आपल्या घरामांगंच हाय."

"बाबा, वरून समुद्र दिसतो. आईला पाहायचाय."

ललिताबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबला. अंगणवाडीत इतकी वर्षं त्यांनी भिंतीवरच्या चित्रातला समुद्र पोरांना दाखवला होता. खरा एकदाही पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी तिघं निघाली. अभयारण्याच्या फाटकापाशी पिशव्या तपासून घेतल्या आणि जंगलातली वाट धरली. हिवाळ्याचे दिवस, झाडीत गारवा होता. कुठूनतरी पाखरांचे आवाज येत होते, पण पाखरं दिसत नव्हती. लेकीने घेऊन दिलेले बूट लुगड्याखाली घालून ललिताबाई जपून पाय टाकत होत्या. बुधाजी नेहमीसारखे पुढे. घरात, बाजारात, लग्नकार्यात ते असेच पुढे चालत, मागे वळून पाहायची सवयच नव्हती.

खडकांचा चढ लागला तिथे ललिताबाईंचा गुडघा धरला. त्या एका दगडावर टेकल्या.

"तुमी जा. मले इथंच बसू द्या."

"आई, हळूहळू जाऊ. घाई कुठे आहे?" ज्योत्स्ना म्हणाली.

"उतरताना हाल होतीन तिचे," बुधाजी म्हणाले. "तू थांब मायजवळ. मी पाहून येतो."

आणि ते गेले. दम लागला, पण थांबले नाहीत. गडाच्या पडक्या तटापाशी आले आणि समोर पाहून जागच्या जागी उभे राहिले. दूरवर, टेकड्यांच्या आणि इमारतींच्या पलीकडे, पाणी पसरलं होतं. त्यांना वाटलं होतं निळं असेल. तसं नव्हतं. ऊन पडून ते नव्या पत्र्यासारखं चमकत होतं आणि त्यावर जहाजं होती, अगदी एवढीशी. रस्ता संपलेला त्यांनी पुष्कळदा पाहिला होता. जमीन संपलेली आज पहिल्यांदा पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, का ते त्यांनाही कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "आमच्या घरचे खालीच राह्यले हो."

उतरताना त्यांच्या मनात एकच होतं. आता हिला काय सांगायचं? इतकं सुंदर होतं म्हटलं तर बिचारी आतल्या आत झुरेल.

ललिताबाई त्याच दगडावर बसल्या होत्या. त्यांना येताना पाहून उठायला लागल्या.

"दिसला काय वो?"

"दिसला. धुकट होतं सारं. काही खास नाई," बुधाजी म्हणाले. "आपल्या धरणावानी. तुह्यं काही गेलं नाई."

ललिताबाईंचा चेहरा खरंच सैल झाला. बुधाजींना बरं वाटलं.

संध्याकाळी ज्योत्स्ना म्हणाली, "उद्या मी रजा टाकते. गाडी करू, अलिबागला जाऊ. आई, अगदी पाण्यात पाय घालून उभी राहा."

"कायले रजा घालवतं, बाई? तुह्या बाबांनी पाह्यला. काही खास नाई म्हणते."

"बाबा?" ज्योत्स्नाने वळून विचारलं.

तेव्हा बोलता आलं असतं. पण सकाळी एक आणि संध्याकाळी एक सांगायचं म्हणजे खोटं पडायचं, तेही लेकीपुढे. बुधाजी पेपर चाळत राहिले. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने निघून दोघं बडनेऱ्याला उतरली आणि तिथून बसने घरी आली.

उन्हाळ्यात ललिताबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, चालणं आलं नाही. लांबचा प्रवास आता नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

एका दुपारी ज्योत्स्नाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली होती. बुधाजींनी खाटेशी बसून तो पत्नीपुढे धरला. लाट आली, फुटली, वाळूवर पसरून मागे गेली. ललिताबाई बराच वेळ पाहत होत्या.

"हा तं हालून राह्यला," त्या जडावलेल्या जिभेने म्हणाल्या. "धरण असं नाई हालत. तुमाले कावून नाई दिसलं?"

बुधाजींनी मग सगळं सांगितलं. चमकणारं पाणी, एवढीशी जहाजं, डोळे भरून आले ते, आणि त्या अनोळखी माणसाला काय म्हणाले तेसुद्धा.

"मंग तवा कावून नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटन म्हून."



"वाटू द्याचं होतं," ललिताबाई म्हणाल्या. "वाईट वाटलं असतं तं दुसऱ्या दिवशी गेलो असतो आपुन."

व्हिडिओ संपून पडदा काळा झाला होता. ललिताबाईंनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं, पण ते नेमकं टेकेना. बुधाजींनी ते धरून जागेवर नेलं, आणि लाट पुन्हा आली.