बंद थांब्यावरची बाई

किल्लीवाल्याच्या आईला शिळी बातमी अजिबात खपत नसे. ऐन उमेदीत तिने नर्स म्हणून सायकलवरून गावंच्या गावं पालथी घातली होती. आता खुब्याचं हाड मोडून ती खाटेला खिळली होती, आणि खाटेजवळच्या खिडकीतून दिसायची ती नुसती शेजाऱ्याची भिंत. त्यामुळे मुलगा कुलपं-किल्ल्यांचं दुकान बंद करून घरी आला, की सायकल भिंतीला टेकते न टेकते तोच प्रश्न यायचा, "आज रस्त्यात काय नवं?"

रोज एक तरी ताजी गोष्ट द्यावीच लागे. म्हणून तो बघायला शिकला. मैलाच्या दगडाच्या भेगेत गांधीलमाशीने घर केलंय, कुणीतरी फाटकाला जुन्या पट्ट्याची गाठ मारलीय, मोरीच्या कठड्यावर गोगलगाईचा चकाकता माग आहे. आई डोळे मिटून ऐकायची आणि तेवढा वेळ ती त्या रस्त्यावर असायची.

एकदा समोरून सोसाट्याचा वारा होता. मान खाली घालून पेडल मारता मारता त्याला काहीच दिसलं नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने ठोकून दिलं, कालव्याच्या कठड्यावर एक लाल हातमोजा अडकवलाय. आई खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या कठड्यावर लाल हातमोजा होता. एकच, दवाने भिजलेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण मन कुठलं ऐकतंय. मुद्दाम त्याने आणखी एक थाप मारून पाहिली, बूड नसलेल्या बादलीची. सकाळी वळणावर बादली हजर. पुन्हा थापा मारायच्या नाहीत म्हणून त्याने कानाला खडा लावला.

मग आईला ताप चढला. डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आता औषधाच्या हाती फारसं काही नाही, मनाची तयारी ठेवा. दुसऱ्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आपण कुठल्या रस्त्याने आलो हेही त्याला सांगता आलं नसतं. आईने तापातही विचारलंच, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "जुन्या थांब्यावर एक बाई बसलीय."

त्या थांब्यावरची बस बंद होऊन किती वर्षं झाली होती. बाईच्या अंगावर काय आहे, असं आईने विचारलं. पाठच दिसली, राखाडी शाल होती, असं तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. राखाडी शाल आईच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली होती.

सकाळी बाई तिथे होती, पाठमोरी. शालीच्या कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याने केलेला रफू होता. तो त्याने स्वतःच केला होता, आणि शाल घरी पायथ्याशी आहे हे तर तो निघताना पाहून आला होता. चेहरा बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने जीव खाऊन पेडल मारलं.

संध्याकाळी आईने आधी बाईचीच चौकशी केली. तिची बस आली का, म्हणून विचारलं.

"नाही आली," तो म्हणाला.

सकाळपर्यंत ताप उतरला. डॉक्टर चक्रावले.

मग तो रोज तेच सांगू लागला, बस आली नाही. शिळं न खपणारी आई ते मात्र निमूट ऐकून घेई. रोज सकाळी बाई तिथेच असे. कधी पावसाने शाल अंगाला चिकटलेली, कधी खांद्यांवर पाचोळा साचलेला, पुढे पुढे तर मान पार गुडघ्यांपर्यंत झुकलेली. घरी आई जगत होती, पण पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि कूस बदलताना ती उशीत तोंड खुपसून कण्हायची. त्याला ते बघवत नव्हतं. तरी तिला जाऊ देणं त्याच्याने होत नव्हतं.

एका संध्याकाळी तिने काहीच विचारलं नाही. नुसता त्याचा हात हातात घेतला.

"दमली असेल रे ती," आई म्हणाली. "येऊ दे ना तिची बस."

त्याला हुंदका आवरेना. मग उठून त्याने पायथ्याची शाल उलगडली आणि तिच्या खांद्यांभोवती नीट गुंडाळली.

"येताना दिसली मला, आई," तो म्हणाला. "अगदी रिकामी आहे बस. खिडकीशी जागा मिळेल तिला."